स्वॅलो लिंडन फोर्कला थांबत नाही

व्लास्ता हावरानने कंपनीला एकोणतीस पत्रं लिहिली. पहिल्या अठ्ठावीस पत्रांना एकच उत्तर आलं. शब्द तेच, कागद तोच, सही करणारे साहेब तेवढे बदलत गेले. एकोणतिसाव्या पत्राला मात्र निराळं उत्तर आलं. त्यापेक्षा जुनंच आलं असतं तर बरं झालं असतं, असं ती पुढे कितीतरी वर्षं म्हणत असे.

बरं, बाईने मागितलं तरी काय होतं? आपण ज्या रेल्वेत नोकरी करतो तिच्याच एका गाडीत एकदा बसू द्या, एवढंच. बाकी सगळीकडे तिचा नोकरीचा पास चालायचा. मालगाडीच्या शेवटच्या डब्यात चालायचा, दुधाचे डबे गोळा करत रडतखडत जाणाऱ्या गाडीत चालायचा. चालत नव्हता तो फक्त अकरा आणि बारा नंबरच्या गाडीत. म्हणजे 'सिल्व्हर स्वॅलो'त. शिकागोहून दुपारी बाराला सुटायची, चार वाजून बारा मिनिटांनी आयोवातल्या या लिंडन फोर्कवरून नव्वद मैलांच्या वेगाने जायची आणि साडेसातला ओमाहाला टेकायची. नाव पाकोळीचं, रंग चांदीचा, कडेने निळा पट्टा. तिच्यासाठी नियमच छापलेला होता, की कर्मचाऱ्यांचे पास या गाडीत चालणार नाहीत. गाडी पैसेवाल्यांची. ज्यांनी रूळ घातले, तारा ओढल्या, सिग्नल पुसले, त्यांनी बाजूला उभं राहून बघायचं.

"मग तिकीट काढ की सरळ," असं गावातले लोक म्हणायचे. लोकांचं काय जातं म्हणायला? रेल्वेच्या माणसाने आपल्या रेल्वेचं तिकीट काढायचं नाही, अशी त्या लोकांची रीत होती. रीत कसली, इज्जतीचा प्रश्न होता. व्लास्ताचे वडील मातेय हावरान रुळांवरच्या गँगचे मुकादम. लहानपणी आईबापांबरोबर बोहेमियाहून आलेला माणूस, मिशा मोठ्या, बोलणं कमी. मुली त्यांना 'ताता' म्हणत. तिकिटाची गोष्ट निघाली की ताता विचारायचे, "आपल्या घरी जेवून उठताना कुणी ताटाखाली पैसे ठेवतं का?" झालं, विषय संपला.

एकोणीसशे छत्तीस साली स्वॅलो सुरू व्हायची होती, तेव्हा जुने रूळ त्या वेगाला पुरेनात. लिंडन फोर्कच्या पश्चिमेला ओढ्याकाठी एक लांबलचक वळण आहे. मातेयच्या गँगने भर हिवाळ्यात ते सगळं उपसलं आणि नव्याने घातलं. दगडासारखी गोठलेली माती पहारीने फोडायची, खडी भरायची, मग मातेयने स्वतः गुडघ्यावर बसून, गाल रुळाला लावून, एका डोळ्याने रेष बघायची. घरी आल्यावर गुडघे सरळ व्हायचे नाहीत. पण तोरा असा, की "माझ्या वळणावर कुणाच्या कपातली कॉफी सांडली तर मला येऊन सांगा."

जूनमध्ये ती नवीकोरी गाडी लोकांना दाखवायला गावोगाव फिरवली. लिंडन फोर्कला वीस मिनिटं उभी राहणार होती. आजूबाजूच्या गावांतून चार हजार माणूस लोटलं. व्लास्ता तेव्हा एकोणीस वर्षांची, धाकटी बोझेना बारा. तीन तास रांगेत उभ्या राहून दोघी आत शिरल्या. आत थंड हवा, निळ्या कापडाच्या खुर्च्या, पायाखाली गालिचा, आणि गाडी असूनही कुठे काजळीचा वास नाही. खिडकीजवळची एक खुर्ची रिकामी दिसली तशी व्लास्ता टेकली. पाठ नीट मागे लागते न लागते तोच पांढऱ्या हातमोज्यांचा एक माणूस आला आणि म्हणाला, "चला ताई, पुढे सरका. मागे लोक खोळंबलेत." ती उठली. तातांना तर आत पाऊलही टाकता आलं नाही. त्यांची गँग रुळांवर उभी होती, गर्दी गाडीखाली येऊ नये म्हणून.

ताता सत्तेचाळीस साली निवृत्त झाले, तेव्हा त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा कंपनीकडे काही मागितलं. स्वॅलोतून ओमाहापर्यंत एक फेरी. उत्तर आलं, कळवण्यास खेद होतो. पुढे चार वर्षं जगले. शेवटी शेवटी अंथरुणावरून म्हणायचे, "त्या वळणाचा एकेक सांधा माझ्या गुडघ्यांना ठाऊक आहे. पाठीला एकदा कळायला हवा होता." ते गेले आणि त्यांची ती राहून गेलेली फेरी व्लास्ताच्या डोक्यावर बसली. तोवर ती स्वतःसाठी पत्रं लिहीत होती. पुढे तातांसाठीही लिहू लागली.

ती अडतीस सालापासून लिंडन फोर्कची तारमास्तर होती. पुढे स्टेशनमास्तरही तीच झाली, कारण दुसरं कुणी ठेवायला कंपनी तयार नव्हती. आणि तिच्या कामातलं सगळ्यात अवघड काम स्वॅलोचंच होतं. पुढे रुळावर काय आहे, कुठली मालगाडी कुठे बाजूला काढलीय, हे ड्रायव्हरला कळवायचा हुकूम तारेने यायचा. तो पातळ कागदावर उतरवायचा, दोऱ्यात बांधायचा, दोरा लाकडी बेचकीच्या दोन टोकांना ताणून लावायचा आणि ती बेचकी हातात उंच धरून रुळाच्या अगदी कडेला उभं राहायचं. गाडी थांबणार नाही, हळूही होणार नाही. ड्रायव्हर खिडकीतून कोपर बाहेर काढतो, दोरा त्याच्या हातात अडकतो, बेचकी आपल्या हातात उरते. दीड हात चुकलं तर हुकूम गेला, नाहीतर आपण गेलो. फलाटाच्या टोकाला एक काळा खांब होता, तिथे तिची जागा ठरलेली. सव्वीस वर्षांत तिच्या हातून एकही हुकूम चुकला नाही. "स्वॅलोला माझ्यापायी कधी श्वास घ्यायलाही थांबावं लागलं नाही," हे ती अभिमानाने सांगायची. तेव्हा अभिमान वाटायचा. पुढे तिला त्याच वाक्याची चीड येऊ लागली.

एकोणपन्नासच्या मार्चमध्ये तर नशिबाने थट्टाच केली. स्वॅलोचं इंजिन बिघडलं आणि गाडी लिंडन फोर्कच्या फलाटाला येऊन उभी राहिली. चाळीस मिनिटं. दारं उघडी, व्लास्ताच्या टेबलापासून बारा पावलांवर. आणि ती तारेच्या खटक्याला खिळलेली, कारण मागच्या मालगाड्या अडवायच्या होत्या, दुसरं इंजिन मागवायचं होतं. प्रवासी खाली उतरले, तिची कॉफी प्यायले, तिचा संडास वापरून गेले. फर कोटातल्या एका बाईने विचारलं, "इथे बघण्यासारखं काही आहे का हो?" तेव्हा सहायक ड्रायव्हर असलेला हार्लन व्हिटकॉम खिडकीत डोकावला.

"व्लास्ता, जा ना. दोन मिनिटं बसून ये. मी आहे इथे."

"तुला तार कळते?"

"नाही."

"मग तू इथे असून उपयोग काय?"

हार्लन हसत निघून गेला. नवं इंजिन जोडलं, गाडी हलली, आणि बाईसाहेब कानाला यंत्र लावून बसलेल्याच. त्या दिवशी घरी जाऊन तिने बटाट्याचं सूप इतकं ढवळलं की त्याचा लगदा झाला. पण उभ्या गाडीत बसून काय कळणार होतं, अशी तिने मनाची समजूत घातली. वळण तर पुढे होतं.

पन्नास सालानंतर स्वॅलोला वर काचेच्या घुमटाचा डबा लागला. त्यात बसून लोक आभाळ बघत जायचे. पंधरा वर्षांतच तिची रया गेली. आधी जेवणाचा डबा काढला आणि त्याजागी सँडविचचं यंत्र बसवलं, जे नाणं गिळायचं आणि सँडविच द्यायचंच असं नाही. मग खिडक्या धुणं बंद झालं. मग वेळापत्रकातून गाडी अशी कोपऱ्यात ढकलली की भिंगाने शोधावी. माणसांनी गाडी सोडली असं कंपनी सांगत होती, पण माणसांना हुसकून कोण लावत होतं ते व्लास्ताला रोज दिसत होतं. कुणी फोन करून विचारायचं, "ती गाडी अजून चालू आहे का?" तेव्हा तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

चौसष्ट साली हुकमाचे कागदही बंद झाले. शंभर मैलांवरच्या एका खोलीत बसलेला माणूस बटणं दाबून सिग्नलचे दिवे बदलू लागला. बेचकी खुंटीवर गेली. तरी रोज चार वाजून दहा मिनिटांनी व्लास्ता बाहेर यायची, काळ्या खांबाशी उभी राहायची आणि रिकामा हात उंच करायची. हार्लन आता स्वॅलोचा ड्रायव्हर झाला होता. तो टोपीला हात लावायचा. तीन वर्षं हा नेम चुकला नाही. एकमेकांशी बोलणं म्हणाल तर नाताळाचं एक कार्ड, बस.

सदुसष्टच्या उन्हाळ्यात नोटीस आली. तीस सप्टेंबरला स्वॅलोची शेवटची फेरी, आणि त्याच दिवशी दुपारी बारापासून लिंडन फोर्क स्टेशनही बंद. व्लास्ताला पुढे जिल्ह्याच्या गावी मालधक्क्याच्या कचेरीत जागा दिली होती. ती नोटीस स्टेशनच्या दारावर लावायची कुणी? तिनेच. चार टाचण्या घेतल्या आणि ठोकल्या.

मग गावाला एकाएकी गाडीचा पुळका आला. शाळेच्या सभागृहात निषेधाची सभा भरली. "आमची स्वॅलो" म्हणून एकेक जण उठून बोलत होता, आणि त्यातले सगळेच्या सगळे ओमाहाला आपापल्या मोटारीने जाणारे. महिला मंडळाच्या अध्यक्ष अर्लीन स्टुकी, धान्याच्या कोठारवाल्याच्या बायको, बोलता बोलता रडल्या. व्लास्ता शेवटच्या बाकावर बसली होती. अर्लीनबाई शेवटच्या कधी गाडीत बसल्या होत्या? लग्नानंतर फिरायला गेल्या होत्या तेव्हा. सालही व्लास्ताला पाठ होतं, कारण तिकीट तिनेच फाडलं होतं.

सभा संपल्यावर अर्लीनबाईंनी तिला गाठलं. "व्लास्ता, अगं, मधल्या स्टेशनावर गाडी थांबवायला दाखवतात ती झेंडी कोणत्या रंगाची असते गं?"

"हिरवी-पांढरी."

"हो का? छान दिसेल."

कशाला छान दिसेल, हे व्लास्ताने विचारलं नाही. डोकं इतकं तापलं होतं की तिथून बाहेर पडायची घाई होती.

त्या रात्री तिने एकोणतिसावं पत्र लिहिलं. शेवटच्या फेरीचा एक पास द्यावा, वडिलांनी हा मार्ग घातला, आपण एकोणतीस वर्षं चालवला. उत्तर तीन ओळींचं. पास विभाग एक ऑगस्टपासून बंद करण्यात आला आहे, पत्रव्यवहार करू नये. म्हणजे आता नाही म्हणायलाही तिथे कुणी उरलं नव्हतं. आधी निदान कुणीतरी खेद तरी करत होतं.

मग तिने ठरवलं. सप्टेंबरच्या दुसऱ्या सोमवारी, स्टेशनात कुणी नाही असं बघून, ती तिकीट काढायला बसली. पण आत बसून स्वतःला तिकीट विकायचं तिला काही केल्या पटेना. म्हणून उठली, दाराने बाहेर गेली, खिडकीसमोर उभी राहिली, ओमाहाचे पूर्ण पैसे फटीतून आत सरकवले. मग पुन्हा आत आली, पैसे उचलले, तिकिटावर शिक्का मारला, खिडकीतून बाहेर सरकवलं, आणि पुन्हा बाहेर जाऊन घेतलं. कुणी बघितलं असतं तर बाई बिघडली म्हटलं असतं. "ताता, ठेवले ताटाखाली पैसे," ती मोठ्याने म्हणाली, आणि तिला रडू आलं.

नियम असा होता की पूर्ण पैशाचा, ओमाहाला जाणारा प्रवासी असला तरच स्वॅलो लिंडन फोर्कला थांबवता येते. फलाटावरून हिरवी-पांढरी झेंडी दाखवायची. ड्रायव्हरने पाहिली की तो दोन आखूड शिट्या देतो. दोन आखूड म्हणजे 'कळलं, थांबतो'. अशी गाडी थांबून सहा वर्षं झाली होती. झेंडी खणात तळाशी होती, एक कड उंदराने खाल्लेली. ती तिने शिवून घेतली. शिकागोला फोन लावला, तर तिकडची मुलगी म्हणाली, "शेवटच्या फेरीला फोटो काढणाऱ्यांची तुडुंब गर्दी आहे हो, पण बसायला मिळेल. मधल्या स्टेशनांची यादी आम्ही ठेवत नाही. झेंडी दाखवा, थांबेल."

हार्लनला घरी फोन करून सांगावं असं एकदा तिच्या मनात आलं. लगेच तिने ते झटकलं. खरं तिकीट आहे, नियमाची झेंडी आहे, मग ओळख कशाला काढायची? एकोणतीस वर्षं भीक घातली नाही कुणी, आता शेवटच्या दिवशी उपकार कशाला? हा तिचा ताठा. तो तिला फार महागात पडला, पण ज्याने तो कमावलाय त्यालाच त्याची किंमत माहीत.

बोझेना ओमाहाला राहायची. ती स्टेशनवर घ्यायला येणार होती. फोनवर म्हणाली, "मी निळी टोपी घालून येते, म्हणजे ओळखशील."

"त्रेचाळीस वर्षं ओळखते तुला. टोपी कशाला हवी?"

"अगं, स्वॅलोतून उतरणारी माझी बहीण आहे. टोपी नको?"

तीस तारखेला शनिवार होता. बाराला व्लास्ताने स्टेशनला कुलूप लावलं आणि किल्ली कंपनीच्या माणसाकडे दिली. घरी जाऊन निळा पोशाख घातला. बॅगेत एक रात्रीचे कपडे, बोझेनासाठी खसखशीच्या सारणाचे सहा गोड पाव, म्हणजे कोलाची, थर्मासभर कॉफी, आणि तातांचा पांढरा पत्र्याचा कप. गाडीत आता कपातली कॉफी मिळत नव्हती. आपली आपणच न्यायची, काठोकाठ ओतायची आणि वळणावर बघायचं. तातांना कुणी येऊन सांगायला हवं होतं ना, सांडली की नाही ते. थडगं काय, ओढ्यापलीकडेच होतं.

पावणेचारला ती फलाटावर आली आणि जागच्या जागी थबकली. अख्खं गाव तिथे. तीनशे माणूस. शाळेचा बँड, लहान पोरं बापांच्या खांद्यावर, म्हातारे घडीच्या खुर्च्यांवर. आणि अर्लीनबाई खोक्यांतून कागदी झेंड्या वाटतायत. हिरव्या-पांढऱ्या. महिला मंडळाने महिनाभर बसून चिकटवलेल्या. तीनशे हातांत तीनशे झेंड्या.

व्लास्ता धावत त्यांच्यापाशी गेली. "अर्लीन, ह्या खाली करायला सांग. आत्ताच्या आत्ता."

"का गं? छान दिसतायत की."

"ती गाडी थांबवायची झेंडी आहे. मला ती थांबवायची आहे. माझ्याकडे तिकीट आहे."

"तिकीट? तुझ्याकडे?" अर्लीनबाई हसल्या. "बरं झालं मग. तीनशे झेंड्या बघितल्यावर तर नक्कीच थांबेल."

"अगं, तीनशे बघितल्यावर एकही दिसत नाही. त्याला वाटेल जत्रा आहे. निदान गाडी थांबेपर्यंत खाली ठेवा."

"व्लास्ता, पोरांचा विरस नको करूस बाई. ड्रायव्हर तुला ओळखतो. तू नेहमीच्या जागी उभी राहा ना, तुझी झेंडी दिसेल त्याला." आणि त्या बँडवाल्यांकडे वळल्या.

व्लास्ताने दोन-तीन जणांना स्वतःच सांगून बघितलं. ते "हो, हो" म्हणाले आणि पाठ वळताच पुन्हा हलवू लागले. चार वाजून आठ मिनिटं झाली होती. दुसरं काय करणार? ती गर्दी ढकलत फलाटाच्या टोकाला, काळ्या खांबाशी गेली. बॅग पायाशी ठेवली. एकोणतीस वर्षं जिथे उभी राहिली तिथेच उभी राहिली, आणि जसा उंच करत आली तसाच हात उंच केला. हातात या वेळी कापडाची झेंडी होती.

पूर्वेच्या फाटकाशी गाडीचा दिवा दिसला. बँड सुरू झाला. व्लास्ता झेंडी वरखाली करत होती आणि कान शिटीकडे लावून होती. दोन आखूड. दोन आखूड हव्यात.

आली ती एकच, लांब. फाटकापासून सुरू झाली आणि धान्याच्या कोठारापर्यंत संपेचना. असली शिटी हार्लनने आयुष्यात कधी दिली नव्हती. लोक वेडे झाले, टाळ्या वाजवू लागले, झेंड्या डोक्यावर नाचवू लागले. तीनशे माणसांत एकटीला त्या शिटीचा अर्थ कळला. 'राम राम' एवढाच. थांबतो असा त्यात शब्द नव्हता.

"थांब, हार्लन," ती ओरडली. बँडमध्ये ते तिचं तिलाही ऐकू आलं नाही. इंजिन समोरून गेलं तेव्हा तिला तो अगदी स्वच्छ दिसला. खिडकीत ताठ उभा, टोपी काढून छातीशी धरलेली, डोळे तिच्यावर. रोज टोपीला नुसता हात लावायचा, आज तिच्या मानासाठी टोपी उतरवली होती. मग निळा पट्टा, घुमटाची काच, खिडक्यांना चिकटलेले कॅमेरे, आणि शेवटचा डबा. वाऱ्याने तिची बॅग आडवी पडली आणि आतला कप खणकला. गाडी वळणावर गेली. खडखड नाही, हेलकावा नाही, सरळ रेषेत गेल्यासारखी गेली. तातांनी खोटं सांगितलं नव्हतं, पण ते बाहेरून बघून कसं कळणार?

अर्लीनबाई डोळे पुसत आल्या. "काय सुंदर वाजवली गं शिटी. आपल्यासाठी." मग त्यांचं लक्ष खाली गेलं. "ही बॅग कुणाची?"

"माझी."

"अगं बाई. म्हणजे थांबली नाही?"

"नाही."

"मग आता गं?"

"आता काय," व्लास्ता म्हणाली. "घरी जाते." आणि कागदी झेंड्या तुडवत गेली.

आठ वाजता हार्लनचा फोन आला. ओमाहाच्या फलाटावर निळ्या टोपीतली एक बाई त्याच्यापाशी आली होती आणि बहीण कुठे आहे असं विचारत होती.

"व्लास्ता, तू खरंच झेंडी दाखवत होतीस?"

"हो."

"मला वाटलं..."

"तुला काय वाटलं ते मला माहितेय, हार्लन."

"सगळं गावच झेंड्या हलवत होतं. आणि तू रोज तिथे हात वर करून उभी असतेस. मी तुझ्यासाठी वेग एक मैलसुद्धा कमी केला नाही. म्हटलं, तुला आवडेल." मग म्हणाला, "एकदा फोन करायचास गं."

 तिला स्वतःचाच इतका राग आला होता की त्याच्यावर रागवायला काही शिल्लक नव्हतं. तिने एवढंच विचारलं, "वळणावर हलली का गाडी?"

"कुठल्या वळणावर?"

"राहू दे," म्हणाली आणि फोन ठेवला. ज्या वळणावर हलतच नाही, ते वळण ड्रायव्हरच्या तरी लक्षात कशाला राहील?

दहा दिवसांनी बोझेनाने ओमाहाच्या वर्तमानपत्रातलं कात्रण पाठवलं. शेवटच्या फेरीत त्यांचा फोटोग्राफर होता. त्याने गाडीच्या खिडकीतून लिंडन फोर्कचा फोटो घेतला होता. मागे कोठाराचा अर्धा कोपरा, पाण्याची टाकी, झेंड्यांचं रान, आणि पुढे काळ्या खांबाशी एक बाई. हात उंच, तोंड उघडं, पायाशी बॅग. खाली छापलं होतं, 'लाडक्या स्वॅलोला भावपूर्ण निरोप देताना लिंडन फोर्कच्या स्टेशनमास्तर.' व्लास्ताने तो फोटो बराच वेळ निरखला. स्वॅलोच्या खिडकीतून आपलं गाव कसं दिसतं ते तिने आयुष्यात पहिल्यांदाच पाहिलं.

अर्लीनबाईंनी तो मोठा करून, चौकटीत घालून गावच्या वाचनालयात लावला. त्याचाही समारंभ. कोलाची, कॉफी, भाषणं. व्लास्ताला जिल्ह्याच्या गावाहून मुद्दाम बोलावलं आणि दोन शब्द बोलायचा आग्रह धरला. ती उठली, फोटोकडे बोट दाखवलं आणि म्हणाली, "खाली लिहिलंय ते चूक आहे. यात मी निरोप देत नाहीये. मी गाडी थांबवतेय."

 मग पहिल्या रांगेत अर्लीनबाईंनी रुमाल काढला, कुणीतरी "वा" म्हणालं, आणि सगळ्यांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. बाई किती भावुक झाल्या, असं घरी जाताना लोक एकमेकांना सांगत होते. फोटोखालची ओळ आजही तीच आहे.